निपाणीची चप्पल, कोल्हापूरचं लोकेशन: एका छोट्या दुकानाचं पेज सुधारताना

हे प्रकरण निपाणीतल्या एका कोल्हापुरी चप्पलच्या दुकानाचं. पुढं दुकान, मागं वर्कशॉप, वर घर. दुकानाचं नाव देत नाही, मालकांनीच नको म्हणून सांगितलंय. सगळे त्यांना आण्णा म्हणतात तर मी पण इथं आण्णाच म्हणतो. आण्णा आणि त्यांचे भाऊ तळ कापतात आणि शिवतात, काकू आणि धाकट्या काकू चपलेच्या पट्ट्यावरची चामड्याची वेणी घालतात, मुलगा कागल एमआयडीसीत शिफ्टला जातो, मुलगी बीकॉमला आहे. मी बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागातल्या छोट्या दुकानांची सोशल मीडियाची कामं बघतो, आणि हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण म्हणजे आपल्या सीमाभागातल्या किती तरी दुकानांचं दुखणं हेच आहे: माल एक नंबर, पण पेजवर आपण कोण आणि कुठले हेच धड लिहिलेलं नसतं.

सुरुवात झाली जून २०२५ मध्ये. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं अगदी आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कुठल्या, कुणाच्या, कायच सांगितलं नाही. मग गदारोळ झाला, कंपनीला मान्य करावं लागलं की या डिझाईनची प्रेरणा भारतातल्या कारागिरांची आहे. तेव्हा ज्याच्या त्याच्या मोबाईलवर कोल्हापुरीच. आण्णांच्या दुकानावर त्याचा परिणाम शून्य. एक तर पाऊस, पावसात चामड्याची चप्पल कोण घेतंय, आणि दुसरं म्हणजे पेज बंद पडल्यातच जमा, शेवटची पोस्ट कधीतरीच्या दिवाळीच्या शुभेच्छांची, त्यावर दिव्याचा फोटो, चप्पलचा नाहीच. मुलगी म्हणाली, "दादा, सगळं जग कोल्हापुरी शोधालंय आणि आमच्या पेजवर दिवे लागलेत." तिनंच पुढाकार घेतला म्हणून हे काम उभं राहिलं.

पहिलं काम म्हणजे आहे ते नीट बघणं. पेज ज्या मुलानं काढलं होतं तो पुण्याला गेला होता, लॉगिन त्याच्या नंबरवर. हे इतकं कॉमन आहे की मी आता पहिल्या भेटीत हेच विचारतो, पेज कुणाच्या नंबरवर, कुणाच्या ईमेलवर. मुलगा चांगला होता, ओटीपी सांगितला आणि विषय मिटला, नाहीतर पेज असून नसल्यासारखं. लगेच दुकानाचा स्वतःचा ईमेल काढला, नंबर दुकानाचा लावला, टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं, आणि मुलीला सांगितलं की "तुमच्या अकाउंटवर कॉपीराईट स्ट्राईक आलाय, इथं लॉगिन करा" असा मेसेज आला तर त्यातल्या लिंकला हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट बायोमधली. तिथं लिहिलं होतं "ऑथेंटिक कोल्हापुरी चप्पल, कोल्हापूर". पिन पण कोल्हापूरचा. म्हणजे गिऱ्हाईकानं मॅप लावला तर तो शहरात कुठंतरी चौकात जाऊन उभा राहणार आणि चप्पल बनतेय चाळीसेक किलोमीटर अलीकडं निपाणीत. मी विचारलं असं का, तर आण्णा म्हणाले, "निपाणी म्हटल्यावर लोक म्हणतात ही कर्नाटकातली, डुप्लिकेट. तंबाखूचं गाव हाय हे, चप्पलचं कोण म्हणतंय." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, अशा कमेंट मी पण वाचल्यात. आणि वर्षानुवर्षं निपाणी, अथणी, मदभावी भागातला माल कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांकडं जाऊन तिथल्या दुकानात विकला जातोय, त्यामुळं बनवणाऱ्याला स्वतःच्या गावाचं नाव लावायची सवयच राहिली नाही.

पण खरी परिस्थिती काय आहे बघा. कोल्हापुरी चप्पलचं जीआय मानांकन (म्हणजे ही वस्तू अमुक भागातलीच, असं कायद्यानं दिलेलं भौगोलिक मानांकन) आहे ते एकट्या कोल्हापूरचं नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून ते घेतलंय आणि त्यात आठ जिल्हे आहेत, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. निपाणी बेळगाव जिल्ह्यात. म्हणजे आण्णांची चप्पल कायद्यानं पण कोल्हापुरीच आहे, निपाणीत बनलेली कोल्हापुरी. कापशी चप्पल ज्या कापशी गावावरून ओळखली जाते ते कागल तालुक्यातलं, इथून हाकेच्या अंतरावर. राज्याची हद्द नंतर आली, कला आधीपासून दोन्हीकडं होती.

माझ्या मते सगळ्या कामातला हाच निर्णय सगळ्यात महत्त्वाचा होता. बायोतलं कोल्हापूर काढून स्पष्ट लिहिलं: "कोल्हापुरी चप्पल, हातानं बनवलेली, निपाणी, जि. बेळगाव". लोकेशन निपाणी. आण्णांना धाकधूक होती, दोन-तीन दिवस ते होय-नको करत होते. शेवटी काकू म्हणाल्या, "बनवतोय हितं आणि नाव दुसऱ्याचं कशाला लावायचं?" आणि ठरलं. आठ जिल्ह्यांची माहिती देणारी पोस्ट मराठीत आणि कन्नडमध्ये बनवली आणि पेजवर पिन करून ठेवली. आता कुणी "डुप्लिकेट" म्हटलं की मुलगी वाद घालत नाही, नुसती "वर पिन केलेली पोस्ट बघा" म्हणते. एक गोष्ट मात्र पाळली, पेजवर जीआयचा लोगो लावला नाही, कारण तो वापरायला कारागिरानं अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते आणि ती अजून झालेली नाही. माहिती सांगणं वेगळं, शिक्का मारणं वेगळं.

दुकान सापडणं

इन्स्टाच्या आधी गुगल मॅपवर बसलो. कोल्हापूरचा माणूस गोव्याला किंवा बेळगावला जाताना हायवेवरून निपाणीतनंच जातो, सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्या इथूनच, कुर्ली-आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या भाकणुकीला दोन्ही राज्यांतनं माणसं येतात. हा माणूस मोबाईलवर "कोल्हापुरी चप्पल निअर मी" टाकतो आणि जे वर दिसेल तिथं गाडी वळवतो. गुगलचं बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, व्हेरिफिकेशनला बहुतेक वेळा दुकानाचा व्हिडिओ मागतात, बोर्ड, आतला माल, शटर उघडताना वगैरे. ते करून घेतलं.

इथं सीमाभागातली खास अडचण आली. कर्नाटकात दुकानाच्या बोर्डावर ६० टक्के कन्नड असायला लागतं, २०२४ मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती झालीय. त्यामुळं बोर्डावर कन्नड मोठं आणि मराठी खाली बारीक. गुगलवर नाव इंग्रजीत, इन्स्टावर मराठीत. इचलकरंजीहून आलेलं एक कुटुंब दुकानासमोरून पुढं निघून गेलं आणि फोन करून विचारत होतं की दुकान कुठाय, त्यांना कन्नड वाचता येत नव्हतं. बोर्ड काय बदलायचा नव्हता. आम्ही तिन्ही ठिकाणी नाव तेच ठेवलं, उगाच पुढं "बेस्ट कोल्हापुरी चप्पल शॉप" अशी शेपटी लावली नाही (गुगलच्या नियमात बोर्डावर जे नाव तेच चालतं, जास्तीचं लावलं तर प्रोफाइल बंद पण होऊ शकतं), आणि बस स्टँडपासून चालत दुकानापर्यंतचा छोटा व्हिडिओ काढला, त्यात कन्नड बोर्ड ठळक दाखवून मुलगी मराठीत सांगते "हा बोर्ड दिसला की आत या". हा व्हिडिओ गुगलवर पण टाकला, व्हॉट्सअॅपच्या ऑटो रिप्लायमध्ये पण त्याची लिंक आहे. पत्ता विचारायचे फोन जवळजवळ थांबले.

पोस्ट कशाची टाकायची

आता इथं प्रत्येक दुकानदार अडतो, "रोज काय टाकू?" मी आण्णांच्या दुकानात नुसता बसून राहिलो, गिऱ्हाईक काय विचारतंय ते ऐकत. प्रश्न ठरलेले असतात. चावणार का? पावसात चालेल का? करकर वाजणारी आहे का? खिळा आहे का? माझा पाय रुंद आहे, बसेल का? एवढी महाग का, बाजारात तीनशेला मिळते की? मुलीनं ते सगळे वहीत लिहून काढले, आणि तीच वही आमचं कंटेंट झालं. एक प्रश्न, एक रील. उत्तर आण्णांनीच द्यायचं, हातातलं काम न सोडता, जसं गिऱ्हाईकाला देतात तसंच.

"नवीन चप्पल चावते, काय करू" ही रील सगळ्यात जास्त पसरली. आण्णा पट्ट्याला आतून तेल लावून दाखवतात आणि म्हणतात, पहिले काही दिवस घरातल्या घरात घाला, एकदम लग्नात घालून दिवसभर उभं राहू नका. एवढंच. लोकांनी सेव्ह केली, नवऱ्या मुलांना पाठवली. कुठल्या एजन्सीला ही आयडिया सुचली नसती, कारण त्यांना वाटतं की चप्पल चावते हे बोलूच नये. गिऱ्हाईकाच्या मनात ते आधीच असतं, तुम्ही बोललात की भरवसा बसतो.

पावसाचं पण तसंच. प्राडामुळं चर्चा होती आणि सीझन नव्हता, मग आम्ही सरळ म्हटलं, "आत्ता घालू नका, ऑर्डर द्या, गणपतीपर्यंत नाहीतर दसऱ्यापर्यंत करून देतो". सोबत भिजली तर काय करायचं ते, उन्हात तापत ठेवायची नाही, विस्तवाजवळ तर नाहीच, सावलीत वाळवायची आणि मग तेल. दुकानदार स्वतः म्हणतोय आत्ता वापरू नका, हे लोकांना नवीन होतं. ढोल पथकातल्या पोरांनी याच काळात ऑर्डरी दिल्या.

"एवढी महाग का" याला मात्र जरा वेळ दिला, कारण हा प्रश्न पैशाचा कमी आणि मानाचा जास्त आहे. रेक्झिनची, मशीनवर चिकटवलेली आणि ही, दोन्ही कापून दाखवल्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, त्याच्या थरांचा तळ, चामड्याच्याच वादीनं शिवलेला, खिळा नाही. रापी आणि आरी ही चामडं कापायची आणि टोचायची हत्यारं, काकूंचा वेणी घालतानाचा हात, हे सगळं दाखवलं. काकू आधी कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या, मग नुसते हातच घेतले, चेहरा नाही, आणि ते उलट चांगलं झालं, वेणी नीट दिसते. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कोल्हापुरीच्या कुठल्याही जाहिरातीत फेटा आणि मिशी दिसते, वेणी घालणारी बाई दिसत नाही, आणि निम्मं नाजूक काम तिचंच असतं. आता गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारतात की वेणी घालणाऱ्या काकू कुठल्या.

गाणी लावायची नाहीत असं ठरवलं. बिझनेस अकाउंटला तशीही सगळी सिनेमाची गाणी वापरता येत नाहीत, आणि दगडावर चामडं ठोकायचा आवाज, तळात विंचू (वाजण्यासाठी घालतात ते बी) घातलेल्या चप्पलची कर्रकर्र, हे आवाज असताना गाणं कशाला. खर्च पण कायच नाही, मुलीचा मोबाईल, दारातला उजेड, कॉलर माईक तेवढा घेतला कारण बस स्टँडचा आवाज फार येतो.

भाषेचं सांगतो. बोलणं मराठीत, कॅप्शन आधी मराठी आणि खाली दोन ओळी कन्नड. मुलगी दोन्ही सफाईनं बोलते, म्हणून काही रील पूर्ण कन्नडमध्ये पण केल्या, हुबळी-धारवाड आणि अथणीकडचे लोक त्यावरून आले. सीमाप्रश्नावरून कमेंटमध्ये भांडणं लागायची, कन्नडमध्ये का लिहिलं म्हणून एक बाजू, मराठीत का म्हणून दुसरी. माझं मत आणि आण्णांचं मत जे आहे ते आहे, पण पेजवर गिऱ्हाईकाशी ज्या भाषेत तो विचारेल त्या भाषेत बोलायचं असं ठरलं. शिव्यांचे शब्द हिडन वर्ड्सच्या सेटिंगमध्ये टाकून ठेवले, त्या कमेंट आपोआप झाकल्या जातात. टीका तशीच ठेवतो, शिवी काढतो.

मेसेजपासून ऑर्डरपर्यंत

आधीच्या पेजवर प्रत्येक फोटोखाली "प्राईस?" आणि उत्तर "डीएम केलंय". ही सवय मोडली. दर फोटोवरच. आण्णांचा पुतण्या हौशी, त्यानं एक पोस्ट पैसे देऊन बूस्ट केली होती, त्यात दर नव्हता, मेसेजचा पाऊस पडला आणि दर सांगितला की समोरचा गायब. तीच जाहिरात नंतर दर लिहून, कोल्हापूर, इचलकरंजी, बेळगाव आणि पुणे एवढ्याच भागाला लावली, मेसेज कमी आले पण आले ते घेणारे आले. माझं सरळ म्हणणं आहे, जी रील आपोआप चाललीय तिलाच पैसे लावा, जी पडलीय तिला पैसे लावून उठत नाही.

व्हॉट्सअॅप बिझनेसवर कॅटलॉग बनवला, कापशी, कुरुंदवाडी, लेडीज नाजूक वेणी, लहान मुलांची, प्रत्येकाखाली दर आणि बनवायला लागणारे दिवस. लेबल लावले: माप आलं, पैसे आले, कामात आहे, पाठवलं. आधी हे सगळं आण्णांच्या डोक्यात असायचं आणि सीझनला एकाची चप्पल दुसऱ्याला जायची.

मापाचा घोळ सगळ्यात मोठा होता. ऑनलाइन चप्पल परत येते ती मापामुळंच, आणि बुटाचा नंबर सांगून कोल्हापुरीचं माप जमत नाही. दुकानात आण्णा कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवतात, तेच घरी करायला सांगितलं: संध्याकाळी, म्हणजे दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो तेव्हा, ए फोर कागद भिंतीला टेकवून टाच भिंतीला, दोन्ही पायांची रेघ काढायची आणि वरून सरळ फोटो पाठवायचा. ए फोर कागद कुठलाही घ्या, २१ बाय २९.७ सेंटिमीटरच असतो, त्यामुळं फोटोवरून अंदाज पक्का लागतो. शिवाय टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहून मागतो. एकदा बदलून देतो, पण रस्त्यावर घातलेली नसली तरच. हे कॅटलॉगमध्ये आणि बिलावर दोन्हीकडं लिहिलंय. परत येणाऱ्या जोड्या स्पष्टपणे कमी झाल्या.

पैशाबाबत एकच नियम, स्क्रीनशॉट बघून पार्सल सोडायचं नाही, खात्यात जमा झालेलं दिसलं की मगच. खोटे स्क्रीनशॉट दाखवणारे येतातच. आणि "आर्मीतनं बोलतोय, मोठी ऑर्डर आहे, क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" असले फोन आले की ठेवून द्यायचे, पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करायला किंवा पिन टाकायला कधीच लागत नाही.

आणखी एक, हे निपाणीकरांनी नीट ऐका. कोल्हापूर आपल्याला बाजारहाटाचं गाव वाटतं पण जीएसटीच्या हिशोबात ते दुसरं राज्य. दुसऱ्या राज्यात माल पाठवला तर छोट्या उलाढालीची सूट सरसकट लागू होत नाही, नोंदणी लागते. हस्तकलेच्या यादीतल्या वस्तूंना सवलत आहे, पण आपली वस्तू त्यात बसते का हे सीएला विचारून लेखी घ्या. आण्णांनी ऑनलाइन ऑर्डरी सुरू करायच्या आधीच सीएला गाठलं, मला ते फार बरं वाटलं.

आज कुठं आहे

फॉलोअर लाखात नाहीत आणि ते कधी ध्येय पण नव्हतं. विकत फॉलोअर देतो म्हणून आलेल्याला परत पाठवलं. दसरा-दिवाळीला मात्र असं झालं की ऑर्डरी हाताबाहेर जायला लागल्या. हातानं बनवायची वस्तू, ती काय रील चालली म्हणून पटापट होत नाही. एका व्यापाऱ्यानं सुचवलं की बाहेरून तयार माल घ्या आणि तुमच्या पेजवरून विका. आण्णांनी नाही म्हटलं, "रीलमध्ये माझा हात दाखवायचा आणि पार्सलमध्ये दुसऱ्याचा माल घालायचा, हे जमायचं नाही." त्याऐवजी "या महिन्याच्या ऑर्डरी बंद" अशी पोस्ट टाकायला शिकलो, आणि बघा, त्यावर लोक चिडले नाहीत, पुढच्या महिन्यासाठी नाव लिहून गेले. गल्लीतल्या आणखी दोन घरांना आता आण्णा काम देतात, आणि त्यांचं काम असेल तर पोस्टमध्ये तसं लिहितात.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडानं दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, त्यावर मुलीनं पोस्ट टाकली आणि आठ जिल्ह्यांची ती जुनी पोस्ट परत खाली जोडली. तिच्यावर कोल्हापूरच्याच एका कारागिराची कमेंट आहे, "बरोबर आहे, आमचे पाहुणे पण निपाणीला आहेत."

बाकी आहे ते असं. जीआयच्या अधिकृत वापरकर्ता नोंदणीचे कागद गोळा करायचं चाललंय, तो लोगो मिळाला की मगच पेजवर लागेल. गुगलवर रिव्ह्यू मागायला आण्णा अजून लाजतात, म्हणून बिलाच्या मागं क्यूआर छापायला दिलाय. आणि लग्नसराईसाठी ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख आत्तापासूनच ठरवून पिन करायचीय, आण्णा म्हणतात अजून थोडं थांबूया, मुलगी म्हणते आजच टाकूया. मी मुलीच्या बाजूनं आहे.